साहेब लोकांच्या स्वभावाची परीक्षा

सिमेंटची रिकामी पोती कुणी मुद्दाम जमवत नाही. आज दोन, उद्या चार, अशी कोपऱ्यात टाकली जातात. वर्षभरानं दार उघडावं तर खोलीत पाय ठेवायला जागा नसते! साइटवरच्या किश्श्यांचंही तसंच आहे. मी वर्धेच्या एका बांधकाम कंपनीत चपराशी होतो, चहा करायचो, गरज पडली तर चौकीदारी करायचो. शाळा सहावीपर्यंत. बोलायला इतका हळू, की माझा एक किस्सा संपेपर्यंत ऐकणाऱ्याचे दोन चहा होतात. तरी सिंदी मेघेला आमच्या ओट्यावर चार जण येऊन बसतातच आणि म्हणतात, "काकाजी, ते साहेबांच्या परीक्षेचं सांगा ना!"

सांगतो. पण सुरुवात बुटांपासून करावी लागेल.

*

आमचे सेठजी पिढीजात कापसाचे व्यापारी. पुढे ठेकेदारीत आले, पण सवय कापसाचीच. गोष्ट नव्वद सालाच्या पुढची, कागदावरची परीक्षा वगैरे काही नव्हतं. इंजिनियर मुलाखतीला आला की सेठजी त्याचं सर्टिफिकेट बाजूला ठेवत आणि टेबलाखाली वाकून त्याचे बूट पाहत.

एकदा मी धीर करून विचारलं. सेठजी म्हणाले, "काकाजी, कपास को खींचकर देख लेते हैं, धागा कैसा है. आदमी को खींच नहीं सकते, इसलिए जूते देखता हूँ. साफ जूतेवाला साइट पर नहीं टिकता."

ही गोष्ट बाहेर फुटली! मग काय, उमेदवार फाटकातून आत आला की आधी आमच्या गुलाबाच्या वाफ्यात दोन्ही पाय घालायचा. महिनाभरात वाफा गेला, गुलाब गेले, माळीही रागावून निघून गेला.

हद्द झाली ती एका माणसाच्या वेळी. गुडघ्यापर्यंत चिखल, वर सिमेंटचा थर! सेठजी खूश. "वाह! किस साइट से आए हो?"

तो म्हणाला, "साइट नाही जी, मी टायपिस्टच्या जागेसाठी आलो."

*

सेठजींची दुसरी पद्धत म्हणजे मजुरांना विचारायचं. आमच्या एका साइटवर देवतळे साहेब होते. माणूस लोण्यासारखा. उन्हाळ्यात पाण्याचा ड्रम स्वतः ढकलत सावलीत न्यायचे. सेठजी आले आणि गिट्टी, म्हणजे बांधकामाची खडी, वाहणाऱ्या बायांना त्यांनी विचारलं, "साहब कैसे हैं?"

बायांची मुकादम शेवंताबाई पुढं झाली. ती कुणालाच भीत नसे. म्हणाली, "देवमानूस आहे, सेठ! असा साहेब दिवा घेऊन पाह्यला तरी भेटनार नाई!"

सेठजी इतके खूश झाले, की आठ दिवसांत देवतळे साहेबांना नागपूरच्या मोठ्या कामावर घेऊन गेले! त्यांच्या जागी जे साहेब आले, त्यांच्या गळ्यात शिट्टी. बाई पाणी प्यायला थांबली की शिट्टी. पदर सावरला की शिट्टी. मी चहाला उकळी आणली तरी शिट्टी!

शेवंताबाई कपाळावर हात मारून म्हणायची, "आमच्याच तोंडानं घालवला ना वो आमी त्याले!"

पुढे एक दिवस ती शिट्टी हरवली. साहेबांनी सगळी साइट पालथी घातली, सापडली नाही. त्या दिवशी कॉलम नंबर सातमध्ये काँक्रीट भरलं होतं. आणि का कोण जाणे, दुसऱ्या दिवशी त्या कॉलमवर पाणी मारायला सगळ्या बाया अगदी हौसेनं जात होत्या.

*

दोन हजार सालानंतर सेठजींचे चिरंजीव पुण्याला शिकून परत आले. आम्ही त्यांना छोटे सेठ म्हणायचो. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "बूट बघून माणूस ठेवायचे दिवस गेले. आता पर्सनॅलिटी टेस्ट!"

तेव्हा केळझरच्या पुढं नाल्यावर आमचा पूल चालू होता. त्याचे इनचार्ज होते ढोले साहेब. गणपतीला नारळ फोडून पहिली कुदळ त्यांनीच मारली होती. पाया त्यांचा, खांब त्यांचे. राहिला होता वरचा स्लॅब. पण चार वर्षं होऊनही ते 'तात्पुरते'च. आता छोटे सेठ म्हणाले, पुलाला पक्का प्रोजेक्ट मॅनेजर द्यायचा आणि तो टेस्टनं ठरवायचा. ढोले साहेब पास झाले तर पूल त्यांचा. नापास झाले तर हिंगणघाटच्या गोदामात, गंजलेल्या लोखंडाजवळ टेबल.

ढोले साहेब म्हणजे दिवसाला मोजून दहा शब्द. ओरडणं नाहीच. मिक्सरमध्ये पाणी जास्त झालं तर नुसते येऊन मिक्सरशेजारी उभे राहायचे. मिक्सरवाला आपोआप पाणी कमी करायचा. बायांची लेकरं बाभळीखाली झोपलेली असली तर ट्रक लांबून वळवायला लावायचे, आणि तेही हातानं खूण करून.

दुसरे उमेदवार वानखेडे साहेब. उंच, धिप्पाड, दिलदार, साऱ्या साइटवर ओळखीचे. ते बोलायला लागले की मिक्सर बंद करायची गरज नाही, त्याचा आवाज आपोआप दबायचा!

टेस्टसाठी पुण्याहून एक मॅडम आल्या. त्यांनी सगळ्या इंजिनियरांना दीडशे प्रश्नांचे कागद दिले. "घरी नेऊन भरा. यात बरोबर-चूक असं काही नसतं."

आता सांगा, आमच्याकडे यावर कोण विश्वास ठेवणार? परीक्षा आहे म्हणजे उत्तरं असणारच!

वानखेडे साहेबांना वेळ नव्हता. त्यांनी कागद वहिनींकडे दिला. वहिनींनी मनापासून भरला. आमचा सुपरवायझर गजानन तो कागद आणायला गेला आणि येताना एसटी स्टँडसमोर त्याच्या झेरॉक्स काढून चार साइटवरच्या चार साहेबांना वाटून आला. "पुन्याच्या टेस्टची गाइड आहे, साहेब. ठेवून घ्या!"

सोमवारी मॅडम निकाल घेऊन बसल्या. चेहरा गोंधळलेला. म्हणाल्या, "तुमच्याकडे पाच इंजिनियर अगदी एका स्वभावाचे आहेत! पाचही धीट, पाचही बोलके, पाचही जणांना पाहुणे आवडतात. आणि पाचही जण रिकाम्या वेळात..." त्यांनी चष्मा पुसला, "भरतकाम करतात."

सेठजींनी वानखेडे साहेबांच्या पंजाकडे पाहिलं. पंजा कसला, फावडंच ते. "वानखेडे, कौन-सा टाँका डालते हो?"

"सेठजी, थे... मिसेसनं भरलं."

"तो मैनेजर उन्हीं को बना देते हैं!"

दुपारी मी डबा आणायला गेलो तेव्हा ही गंमत वहिनींना सांगितली. त्या हसल्या नाहीत. पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "काकाजी, ऑफिस नागपूरले राहीन का? मले नागपुरात राहाचं आहे."

*

ढोले साहेबांनी मात्र कागद स्वतः भरला होता. 'तुम्हाला लोकांवर ओरडावं लागतं का?' यापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'मिक्सर चालू असताना ऐकू जात नाही.' बाकीच्यांपैकी शंभर प्रश्नांपुढे एकच उत्तर, 'जागेवर जाऊन पाहावं लागेल.'

निकाल आला, 'नेतृत्वगुण कमी.'

छोटे सेठ म्हणाले, कागदाचा भरवसा राहिला नाही, पुन्हा टेस्ट घेऊ, समोरासमोर. म्हणून मॅडमनी शाईच्या डागांची चित्रं काढली. डाग दाखवायचा आणि विचारायचं, काय दिसतं? सरावासाठी आधी गजाननला बसवलं.

गजानन म्हणाला, "डिझेल सांडलं. हे सेंटरिंगवाल्याचंच काम! मी कालच त्याले बोललो."

वानखेडे साहेबांना प्रत्येक डागात वाघ दिसला. सहा डाग, सहा वाघ! मॅडम खूश होऊन लिहीत होत्या, "आत्मविश्वास भरपूर."

मग ढोले साहेब. त्यांनी पहिला डाग पाहिला. उजेडात धरून पाहिला. मग चष्मा काढून पाहिला.

"स्लॅब गळतोय," ते म्हणाले.

दुसरा डाग. "हासुद्धा."

तिसरा. "हा जास्त. व्हायब्रेटर नीट फिरवला नाही."

मॅडम म्हणाल्या, "सर, ही फक्त चित्रं आहेत. दुसरं काही, फूल, फुलपाखरू?"

ढोले साहेबांनी खूप विचार केला. कपाळावर घाम आला बिचाऱ्यांच्या. शेवटी हळूच म्हणाले, "फुलपाखरू नाही दिसत. पण हा गळता स्लॅब कुठला आहे ते सांगाल का? लोकं राहतात का खाली?"

*

मग खेळ. कागदी कप आणि काड्या दिल्या. वीस मिनिटांत सगळ्यांनी मिळून उंच मनोरा बांधायचा. मॅडम कोपऱ्यात वही घेऊन बसल्या, कोण कसं वागतं ते लिहायला.

वानखेडे साहेबांनी पहिल्याच मिनिटाला ताबा घेतला. "गजानन, काड्या आण! आबे असा नाई, तसा! वर चढव, वर चढव!" मनोरा तीन कप चढला की पडायचा. पुन्हा चढला, पुन्हा पडला. वानखेडे साहेब घामाघूम. "काऊन पडून राह्यला बे हा? कपच डुप्लिकेट आहेत!"

ढोले साहेब जागेवरच बसून वर पाहत होते. दहाव्या मिनिटाला उठले, भिंतीपाशी गेले, पंख्याचं बटन बंद केलं आणि परत येऊन बसले.

मनोरा अकरा कप चढला!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वानखेडे साहेबांनी गजाननला मिठी मारली. मी चहा ठेवायला गेलो तेव्हा मॅडमच्या वहीत मला दोन ओळी दिसल्या. वानखेडे साहेबांपुढे लिहिलं होतं, 'संघ घडवतात.' ढोले साहेबांपुढे, 'कामात सहभाग नाही. मधेच उठून गेले.'

त्या दिवशी ढोले साहेब मागच्या बाजूला आले आणि आपला कप स्वतः विसळू लागले. मी म्हटलं, "राहू द्या, साहेब."

त्यांनी कप पालथा घातला. मग म्हणाले, "काकाजी, बोलायला शिकायला पाहिजे होतं का हो मी?"

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण जास्त शिकलो असतो तर बरं झालं असतं, अशा वेळी काय बोलायचं ते सुचलं असतं. मी म्हटलं, "मी तुमच्यापेक्षा हळू बोलतो, साहेब. पण माहा चहा कधी थंडा भेटला का तुमाले?"

ते हसले. पण गेटपर्यंत गेले आणि पुलाचा नकाशा विसरले म्हणून परत आले. नकाशा त्यांच्या काखेतच होता.

*

दुसऱ्या दिवशी वानखेडे साहेबांना यायला उशीर झाला. मॅडमना वेळ जात नव्हता. म्हणाल्या, "काकाजी, बसा. तुमची टेस्ट घेते."

मी नको नको म्हणत होतो, पण बसवलंच. विचारलं, "लोक तुमचं ऐकतात का?"

मी म्हटलं, "चहा झाला म्हटलं की सारेच ऐकतात."

"दोन माणसं भांडत असली तर काय करता?"

"दोघाइच्या मधात कप ठेवतो. कप हातात असला की मानसाले हात उगारता येत नाई."

"निर्णय लगेच घेता की विचार करून?"

"दूध पाहून घेतो, मॅडम."

मॅडम लिहीत गेल्या, बेरीज केली, पुन्हा केली. मग छोट्या सेठना बोलावून त्यांच्या कानात काही सांगितलं. छोट्या सेठचा चेहरा पडला. मोठे सेठजी मात्र खुर्चीवरून पडता पडता राहिले! सगळ्या कंपनीत सर्वांत जास्त मार्क चपराशाला!

तेव्हापासून वानखेडे साहेब मला हाक मारायचे, "ओ पी.एम. साहेब! दोन कट चहा पाठवजा!"

*

आता शेवटची टेस्ट. सेठजी म्हणाले, "बहुत हो गया कागज. जिनके साथ काम करना है, उनसे पूछो." मॅडमनाही ते पटलं. सगळे गाड्यांत बसून केळझरच्या पुढं पुलावर गेलो. स्लॅबचं लोखंड बांधून तयार होतं. ढोले साहेबांनी जाता जाता एक तार वाकून घट्ट केली.

पुलावरच्या बाया शेवंताबाईच्याच टोळीतल्या. त्या लिहू शकत नव्हत्या, म्हणून मॅडमनी युक्ती काढली. ताडपत्रीच्या आड दोन घमेली ठेवली. एकापुढे वानखेडे साहेबांचं पिवळं हेल्मेट, दुसऱ्यापुढे ढोले साहेबांचं पांढरं, चिकटपट्टी लावलेलं. प्रत्येकानं ढिगावरची एक गिट्टी घ्यायची आणि आत जाऊन ज्याच्या त्याच्या घमेल्यात टाकायची. कुणी पाहणार नाही.

मॅडमनी बजावून सांगितलं, "जो साहेब तुम्हाला जास्त चांगला वाटतो, त्याला टाका. ज्याला जास्त, त्याला वरची जागा मिळेल."

शेवंताबाईनं मान डोलवली. मग बायांना आणि गड्यांना बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजली. मी ऑफिसचा माणूस म्हणून मला गिट्टी नव्हती. असती तर कुठे टाकली असती, ते सांगायला नको.

एकेक जण आत जाऊन आला. बत्तीस माणसं. मॅडमनी ताडपत्री बाजूला केली.

वानखेडे साहेबांच्या घमेल्यात बत्तीस गिट्ट्या! ढोले साहेबांच्या घमेल्यात एकही नाही. तळ अगदी स्वच्छ, चकाकत होता.

वानखेडे साहेबांचा स्वतःचा विश्वास बसेना. ते पहिल्यांदाच गप्प झाले. छोटे सेठ वडिलांना म्हणाले, "पापा, अब तो मानोगे? जीरो!"

ढोले साहेब त्या घमेल्याकडे पाहत उभे होते. ज्या बायांच्या लेकरांसाठी या माणसानं ट्रक वळवले, त्यांनी एक गिट्टीसुद्धा टाकू नये!

सेठजी हळू आवाजात म्हणाले, "ढोले, कुछ कहना है?"

ढोले साहेबांनी भरलेल्या घमेल्याकडे बोट केलं. "ती गिट्टी स्लॅबची आहे, सेठजी. चाळून घेतलेली. परत ढिगावर टाकायला सांगा."

आणि ते लोखंडाकडे निघाले.

सेठजी तसेच उभे. मग शेवंताबाईकडे वळले. "बाई, सच बोलना. ढोले साहब इतने खराब हैं?"

"खराब?" शेवंताबाईनं कमरेवर हात ठेवले. "सेठ, देवतळे साहेबाले आमी तुमच्या तोंडावर चांगलं म्हटलं. आठ दिवसांत तुमी त्याले नागपूरले उचलून नेलं अन् आमच्या डोक्यावर शिट्टी आनून बसवली! एकडाव फसलो आमी. हा साहेब देनार नाई! न्यायचाच असन तर थो न्या, भरून देला ना त्याचा घमेला!"

वानखेडे साहेबांना कंठ फुटला. "नागपूर? चालते ना, सेठजी! मी आजच सामान बांधतो!"

मॅडमनी वही मिटली. सेठजी हसायला लागले ते थांबेनात. रुमालानं डोळे पुसत छोट्या सेठना म्हणाले, "बेटा, सुन ले. जब तक यह पुल पूरा नहीं होता, ढोले को यहाँ से कोई नहीं हिलाएगा!"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. शेवंताबाई लगबगीनं लोखंडावरून चालत ढोले साहेबांपाशी गेली, इकडं तिकडं पाहिलं आणि साऱ्या साइटला ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाली,

"साहेब, ऐकलं ना? आता पूल जरा सावकाश बांधजा!"